गोव्यात भाड्याचं घर आणि सोबत कुत्रा-मांजर: परवानगीपासून डिपॉझिट परत मिळेपर्यंत

भाड्याचं घर शोधताना कुत्रा किंवा मांजर असल्याचं लोक शेवटी सांगतात. घर पसंत पडतं, टोकन दिलं जातं, टेम्पो ठरतो आणि मग दलालाला सहज विचारल्यासारखं विचारलं जातं, ‘आमचा एक कुत्रा आहे, चालेल ना?’ दलाल म्हणतो, ‘हां हां, चालेल.’ त्याला दलाली मिळायची असते, त्यामुळे त्याच्यापुरतं सगळंच चालतं. मालकाला मात्र कुत्रा दिसतो तो सामान उतरवताना. तोवर तुमचे पैसे अडकलेले असतात आणि करारावर सही व्हायची असते.

म्हणून फोनवर बोलतानाच दुसऱ्या वाक्यात जनावराचा उल्लेख करा: जात, वय, वजन, नसबंदी झाली आहे की नाही. दहापैकी पाच-सहा घरं इथेच गळतील. गळू द्या. उरलेल्यांशी बोलणं सोपं जातं.

परवानगी कोणाची?

परवानग्या तीन ठिकाणच्या असतात आणि त्या वेगवेगळ्या आहेत: घरमालकाची, इमारतीची किंवा सोसायटीची, आणि पंचायत-पालिकेची. एक मिळाली म्हणजे बाकीच्या मिळाल्या असं होत नाही. सगळा घोटाळा पहिल्या दोन एकत्र धरल्याने होतो.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या परिपत्रकानुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, ‘लहान जातीचाच ठेवा’ असा हट्ट धरता येत नाही. राहणारा मालक असो की भाडेकरू, तो कायदा मोडत नसेल तर आक्षेप घेता येत नाही, असंही त्यात आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सोसायट्यांच्या अशा बंद्या बेकायदा ठरवल्या. तो निकाल गोव्यावर थेट बंधनकारक नाही, पण पत्रव्यवहारात त्याचा उल्लेख उपयोगी पडतो.

पण हे सगळं सोसायटीविरुद्ध. स्वतःचं घर भाड्याने देणारा मालक ‘जनावर नको’ म्हणाला आणि तसं कलम करारात आलं, तर ते परिपत्रक त्याच्यापुढे धरून काही होत नाही. घर त्याचं आहे आणि सही तुमची. समाजमाध्यमांवर ‘पाळीव प्राणी ठेवणं हा हक्क आहे’ असे मजकूर फिरतात. ते वाचून मालकाशी वाद घालायला गेलेले लोक पुढच्या महिन्यात पुन्हा घर शोधत असतात.

गोव्यातला करार कसा असतो

पुण्या-कोल्हापुराहून येणाऱ्यांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीची आहे. तो कायदा इथे लागू नाही. गोव्यात जुना १९६८ चा भाडे आणि निष्कासन नियंत्रण कायदा आहे. केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळीकडे अकरा महिन्यांचा कागद होतो. स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, नोटरी, झालं.

२०२१ चा आदर्श भाडे कायदा दाखवून ‘डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही’ असंही काही जण सांगतात. तो केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. डिपॉझिट किती, हे बोलणीतच ठरतं.

आता कलमं. करारात जनावराबद्दल तीनपैकी एक परिस्थिती असते. स्पष्ट मनाई असेल तर ती खोडून, बाजूला दोघांच्या सह्या करूनच पुढे जा. ‘तोंडी सांगितलंय ना, ते कलम नुसतं छापील आहे’ यावर विसंबू नका. करार गप्प असेल तर मनाई नाही हे खरं, पण शेजाऱ्यांना उपद्रव न देण्याचं कलम जवळपास प्रत्येक मसुद्यात असतं आणि भुंकण्याची एक तक्रार आली की मालक तेच वापरतो. तिसरी परिस्थिती म्हणजे स्पष्ट संमती. तीच हवी, आणि ती जनावराच्या वर्णनासकट हवी. मसुदा साधारण असा चालतो:

‘भाडेकरूकडे एक मादी कुत्री आहे (लॅब्राडॉर, रंग पिवळसर, वय ४ वर्षे, नसबंदी झालेली, मायक्रोचिप क्रमांक अमुक). तिला या घरात व आवारात ठेवण्यास मालकाची संमती आहे. भाडेकरू दरवर्षी रेबीज लसीचा दाखला मालकास दाखवील. जनावरामुळे झालेले नुकसान भाडेकरू दुरुस्त करून देईल. नेहमीच्या वापराची झीज त्यात धरली जाणार नाही. शेजाऱ्यांची लेखी तक्रार आल्यास भाडेकरूस सुधारणेसाठी ३० दिवस दिले जातील. संमती कराराची मुदत संपेपर्यंत मागे घेता येणार नाही.’

शेवटची दोन वाक्यं सर्वात मोलाची. मालक घासाघीस करेल तर ३० चे १५ होऊ द्या, पण वाक्य काढू देऊ नका. अकरा महिन्यांचा कागद लीव्ह अँड लायसन्सचा असेल तर लायसन्स हे मुळात भाडेपट्ट्यापेक्षा कच्चं असतं, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली ती नुसती वापराची परवानगी. तुमचं संरक्षण बरंचसं कागदावर जे लिहिलंय तेवढंच असतं.

दोन सापळे. पहिला नूतनीकरणाचा: अकरा महिन्यांनी नोटरीकडे जुना मसुदा निघतो, तारखा बदलतात आणि जनावराचं कलम गळून पडतं. दरवेळी ते शोधून वाचा. दुसरा हंगामाचा. किनारपट्टीच्या गावांत बरेच मालक पावसाळ्यात घर स्वस्तात देतात आणि ऑक्टोबर उजाडला की पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यायला मोकळं करू पाहतात. जूनमध्ये कुत्रा गोड वाटतो, नोव्हेंबरात त्याचे केस दिसायला लागतात. अशा गावात घर घेत असाल तर किमान दहा-अकरा महिन्यांचा लॉक-इन (तोवर कोणीही करार मोडायचा नाही अशी मुदत) दोन्ही बाजूंनी लिहून घ्या, नाहीतर डिसेंबरात, भाडी चढलेली असताना, कुत्र्यासकट घर शोधावं लागेल.

करार झाला की भाडेकरू पडताळणीचा अर्ज हद्दीतल्या पोलिस ठाण्यात द्यायला मालकाला सांगा आणि पोच घेतलेली प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे वाद झालाच तर तुम्ही त्या घरात कायदेशीर राहत होता, हे दाखवायला ती प्रत कामाला येते.

घर बघायला जाण्याआधी फाइल

एक पातळ फाइल करा. त्यात जनावराचा फोटो, लसीकरणाची पुस्तिका, नसबंदीचा दाखला, मायक्रोचिप असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक आणि आधीच्या घरमालकाचं दोन ओळींचं पत्र. हे पत्र बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त काम करतं. नवखा मालक कुत्र्याला घाबरत नसतो, तो दरवाजाच्या रंगाला घाबरत असतो.

रेबीजची पहिली लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढे दरवर्षी. सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयं पणजीत टोंक इथे आणि मडगावात सोनसोडो इथे आहेत. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेची पथकं पशुसंवर्धन खात्याबरोबर दारोदार लस देत फिरतात. त्यांच्याकडून लस घेतली तरी चिठ्ठी मागून घ्या. चिठ्ठी नसली तर लस झाल्याचं कोणी मानत नाही.

राहायला गेल्यावर पंचायतीत किंवा पालिकेत कुत्र्याच्या नोंदणीची चौकशी करा, लसीचा दाखला जोडा आणि पावती जपा. पिटबुल किंवा रॉटवायलर असेल तर आधी वकिलाला विचारूनच गोव्यात घर घ्या. अशा जातींवर निर्बंध आणण्यासाठी २०२५ मध्ये विधानसभेत विधेयक आलं आणि मालक या जातींचं नाव ऐकताच फोन ठेवतात.

पोपटाबद्दल थोडक्यात: आपला नेहमीचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मालकाने परवानगी दिली तरी. तारांकित कासवाचंही तेच. आफ्रिकन ग्रेसारख्या परदेशी पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

घर निवडताना काय बघायचं

फ्लॅट असेल तर बाल्कनीचे गज मोजा. मांजराचं डोकं जिथून जातं तिथून मांजर जातं. कबुतरांसाठी लावलेली पातळ नायलॉनची जाळी मांजर आठवड्यात कुरतडतं, तिथे धातूची जाळी हवी आणि ती लावायला भोकं पाडावी लागणार असतील तर मालकाची परवानगी आधी. मांजराने केलेल्या डासांच्या जाळ्यांच्या चिंध्या हा डिपॉझिटमधून पैसे कापण्याचा सर्वात नेहमीचा बहाणा आहे.

गावातलं सुटं घर कुत्र्याला उत्तम, असं सगळे म्हणतात. अर्धंच खरं आहे. फाटकाखालची फट, कठडा नसलेली विहीर, कंपाउंडच्या चिऱ्यांमधून (जांभ्या दगडांमधून) पडलेलं भगदाड हे आधी बघा. पावसात नाग, घोणस, मण्यार अंगणात येतात आणि कुत्रा सर्वात आधी नाक पुढे करतो. सरपणाचा ढीग, नारळाच्या झावळ्यांची रास घरापासून दूर हलवून घ्या.

आणि कोंबड्या. शेजारणीच्या कोंबड्या तुमच्या अंगणात चरायला येणार, हे गावात गृहीत असतं. तुमच्या कुत्र्याने त्यातली एक धरली की भांडण पंचायतीपर्यंत जातं. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांकडे जाऊन कुत्रा दाखवा, नाव सांगा, फोन नंबर द्या. कोंबडी गेलीच तर वाद न घालता पैसे द्या. गावठी कोंबडीची किंमत ती सांगेल तीच.

कौलारू घरात मांजर पाळणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. मांजर रात्री मंगलोरी कौलांवरून फिरतं, एखादं कौल इंचभर सरकतं आणि जूनच्या पहिल्या जोरदार पावसात नेमकं पलंगावर गळतं. मालक म्हणतो मांजरामुळे, तुम्ही म्हणता कौलं जुनी. मे महिन्यात कौलं शाकारून घेण्याचा खर्च कोणाचा, हे करारातच लिहून टाका.

फरशी, भिंती आणि गोचीड

जुन्या घरातली लाल सिमेंटची फरशी दिसायला सुंदर आणि लघवीच्या बाबतीत निर्दय. लघवी साचून वाळली की फिका डाग राहतो आणि पॉलिश करूनही तो पूर्ण जात नाही. संगमरवराचीही तीच गत. न लिंपलेला चिरा सच्छिद्र असतो, लघवी आत मुरते, उन्हाळ्यात काही जाणवत नाही आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की वास बाहेर येतो. पाय वर करणारा कुत्रा असेल तर कोपऱ्यांना आणि खांबांना खालच्या दोन फुटांपर्यंत प्लास्टिकची शीट लावा, काढता येईल अशी.

साफ करताना क्रम महत्त्वाचा. आधी जुन्या कापडाने किंवा वर्तमानपत्राने टिपून घ्या, चोळू नका. मग साधं पाणी. मग एन्झाइमचं क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, कारण त्याला काम करायला वेळ लागतो. लगेच पुसलंत तर पैसे वाया. ब्लीच वापरू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्यातून विषारी वायू निघतो. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, जनावराला तो लघवीचाच वास वाटतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं फिनाइल मांजर असलेल्या घरात आणूच नका. मांजर पाय चाटतं आणि ते विष तिचं यकृत पचवू शकत नाही.

पावसाळ्यातला खरा शत्रू गोचीड. ती कुत्र्याच्या अंगावर जेवते पण अंडी घालते भिंतीच्या भेगांत, चौकटींच्या मागे, पलंगाच्या सांध्यांत, आणि एक मादी हजारांनी घालते. म्हणून नुसता कुत्रा धुऊन काही होत नाही. कुत्र्याला पशुवैद्याने दिलेलं औषध वेळेवर, आणि त्याच आठवड्यात घराच्या भेगांत फवारणी. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण पहिल्या फवारणीतून वाचलेली अंडी तोवर फुटतात. घरात मांजरही असेल तर फवारणीवाल्याला औषधाचं नाव विचारा. परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं, कुत्र्यासाठीचे त्याचे थेंब मांजराला लावणं तर दूरच. गोचीडताप गोव्यात कुत्र्यांना सर्रास होतो: खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी दवाखाना.

सोसायटीने अडवलं तर

तोंडी वाद घालू नका, वॉचमनशी तर नाहीच. ‘पाळीव प्राण्यांना मनाई’ हा नियम कोणत्या उपविधीत आहे आणि ठराव कधी झाला, हे लेखी विचारा. बऱ्याच ठिकाणी असा ठराव नसतोच, गेटवरची पाटी तेवढी असते. पत्राला मालकाची संमती, लसीचा दाखला आणि २०१५ च्या परिपत्रकाची प्रत जोडा, पोच घ्या. सोसायटी सहकार कायद्याखाली नोंदलेली असेल तर पुढचा टप्पा सहकारी संस्था निबंधक. बिल्डरच अजून देखभाल बघत असेल तर पत्र त्याला, प्रत मालकाला.

मात्र तुमची बाजूही स्वच्छ हवी. सामाईक जागेत दोरी, विष्ठा उचलायला पिशवी, गर्दीच्या वेळी लिफ्ट टाळणं, कुत्रा दिवसभर एकटा बाल्कनीत बांधून न ठेवणं. भुंकणं स्वाभाविक आहे असं परिपत्रक म्हणतं, पण रात्री दोनला शेजाऱ्याला ते वाचून दाखवता येत नाही. एकटेपणाने भुंकणाऱ्या कुत्र्याला संध्याकाळी पाऊण तास चालवून आणणं हा पत्रापेक्षा स्वस्त उपाय.

भटक्या कुत्र्यांना गेटवर खायला घालण्यावरून जितकी भांडणं होतात तितकी पाळीव कुत्र्यांवरून होत नाहीत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाऊ घालण्याची जागा सोसायटीने ठरवून द्यायची असते, जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. ती मागून घ्या. आणि अंगणात आलेलं पिल्लू घरात घेतलंत तर तुमच्या करारातली संमती त्याला लागू नाही, ती एकाच जनावराची आहे. मालकाला आधी कळवा.

कुत्रा कोणाला चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायला लावा, त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात स्वतः घेऊन जा, लसीचा दाखला दाखवा आणि कुत्रा १० दिवस नजरेखाली ठेवा. जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मालकाचं मन बदललं तर

करारातलं कलम दाखवून लेखी उत्तर द्या. व्हॉट्सॲपही चालेल, पण संदेश पुसू नका. तक्रार कोणाची, कधीची, कशाची हे विचारा आणि उपाय सुचवा. वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं हे मालकाला परस्पर करता येत नाही. तसं झालं तर आधी पोलिस ठाण्यात लेखी तक्रार. बेकायदा ताबा काढून घेतलेल्याला १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. फुकट कायदेशीर सल्ल्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही हेल्पलाइन आहे.

आणि घर सोडताना जनावर मागे सोडून जाणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे हसावं की रडावं कळू नये असा. हंगाम संपला की किनाऱ्यावरच्या गावांत गळ्यात पट्टा असलेली कुत्री फिरताना दिसतात ती यामुळेच.

डिपॉझिट

जनावरासाठी वेगळं डिपॉझिट मागितलं तर नाकारू नका, पण ‘परत मिळणारं’ हा शब्द आणि रक्कम करारात येऊ द्या. समजा भाडं २५,००० आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं, तर जनावरासाठी आणखी दहा हजार हा मधला आकडा ठरतो. ‘पेट फी’ म्हणून परत न मिळणारी रक्कम दिलीत तर तिच्यातूनच रंगकाम होईल असं लिहून घ्या, नाहीतर तीही जाते आणि डिपॉझिटही कापलं जातं.

राहायला जाण्याच्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, फोटो काढा: प्रत्येक दाराचा खालचा भाग, चौकटी, सोफ्याचे हात, जाळ्या, भिंतींचे कोपरे, फरशीवरचे जुने डाग. त्याच दिवशी मालकाला पाठवा. संध्याकाळी नको, दुसऱ्या दिवशी तर नकोच.

सोडायच्या महिनाभर आधी मालकाला घर दाखवून काय दुरुस्त करायचं ते लिहून घ्या. ओरखडलेलं दार पॉलिश करून घेणं तुम्हाला मालकाच्या सुतारापेक्षा निम्म्यात पडतं. शेवटच्या आठवड्यात गोचिडीची फवारणी करून पावती ठेवा, खोल्या दोन दिवस उघड्या हवेत राहू द्या आणि जनावर घरात नसताना बाहेरच्या माणसाला आत बोलवून वास येतो का विचारा. तुमच्या नाकाला तो केव्हाच सवयीचा झालेला असतो. मग मालकाबरोबर जुने फोटो हातात धरून घर फिरा, कापायच्या रकमेची यादी तिथेच करा, दोघांच्या सह्या घ्या आणि उरलेले पैसे खात्यात जमा झाल्यावरच चाव्या द्या.